शील कुठून येतं? एका तरुण भावाला उत्तर

नगर जिल्ह्यातल्या एका गावचा आणि आता चाकणच्या कारखान्यात खरेदी विभागात काम करणारा एक भाऊ विचारतो: "पाळक साहेब, वडील जानेवारीत प्रभूकडे गेले. ते मिशनच्या शाळेत शिक्षक होते, मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पंच होते. दफनाच्या दिवशी गावातली माणसं, त्यात ख्रिस्ती नसलेलीच जास्त, त्यांच्या खरेपणाबद्दल बोलत होती. मी कबरीशेजारी उभा होतो आणि मनात आलं, माझ्याबद्दल कोण काय बोलेल? मी रविवारची उपासना चुकवत नाही, कमाईचा दशांश मंडळीला देतो, रोज पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचतो. तरी आयुष्याला काही अर्थ आहे असं वाटत नाही. स्वभाव होता तिथंच आहे. कामाच्या ठिकाणी सगळेच घेतात, दिवाळीला पुरवठादार पाकीट देऊन जातात, तेवढं चालतंच. पण शील येतं कुठून? की ते वडिलांच्या पिढीबरोबर संपलं?"

प्रिय भाऊ,

सलाम. तुमचं दुःख अजून ओलं आहे हे पत्रातून कळतं. अशा वेळी माणूस सांत्वन मागतो. तुम्ही प्रश्न विचारलात, याचं मला बरं वाटलं. मी छत्तीस वर्षं पाळकाचं काम केलं, बहुतेक सगळं खेड्यांत. जे लिहितो आहे ते त्या अनुभवावरून.

तुम्ही आयुष्याच्या अर्थाबद्दल इतकं लिहिलंत आणि पाकिटाबद्दल एकच ओळ. तीही "तेवढं चालतंच" म्हणून मिटवून टाकलीत. माझ्यासमोर येऊन बसणारी माणसंही असंच करायची. तासभर घरचं, शेतीचं, मुलांचं सांगायची आणि निघताना, दारात चपला घालता घालता, एक वाक्य टाकून जायची. ज्यासाठी आले ते तेच वाक्य असायचं. म्हणून मी तुमच्या पाकिटापासूनच सुरुवात करतो. राग मानू नका.

घरातली एक खोली कायम कुलूप लावून ठेवली, तर त्या घरात माणूस मोकळेपणानं वावरत नाही. प्रार्थनेला बसलं की मन त्या दारापर्यंत जातं आणि मागं फिरतं. असं वर्षानुवर्षं झालं की वाटू लागतं, देवच लांब गेला, वचनात रस राहिला नाही, सगळं निरर्थक आहे. तुमच्यासारख्या नेमानं उपासनेला येणाऱ्या, खरोखर भल्या माणसांच्या बाबतीत मी हे इतक्यांदा पाहिलं आहे की आता कुणी अर्थ हरवल्याची गोष्ट काढली, की मी आधी कुलूप कुठं आहे ते विचारतो.

नव्या करारातल्या लूकच्या १९व्या अध्यायातला जक्कय तुम्ही शब्बाथ शाळेत शिकला असाल. ठेंगणा माणूस, येशूला बघायला झाडावर चढून बसलेला. मुलांना ते झाड लक्षात राहतं. मोठ्यांनी त्याचा हिशेब लक्षात ठेवायला हवा. तो यरीहोचा मुख्य जकातदार. रोमी सत्तेखाली जकातवसुली मक्त्यानं दिली जायची आणि ठरलेल्या रकमेच्या वर जे उकळता येईल ते मक्तेदाराच्या खिशात जायचं. सगळेच घ्यायचे. तो जक्कय उभा राहून म्हणाला, माझं अर्धं द्रव्य गरिबांना देतो आणि कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो.

हे चौपट आलं कुठून? मोशेच्या नियमशास्त्रात परतफेडीचे वेगवेगळे दर आहेत. फसवून घेतलेलं जो कबूल करतो त्यानं मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असं लेवीयच्या ६व्या अध्यायात आहे. मेंढरू चोरून कापणाऱ्यानं किंवा विकणाऱ्यानं मात्र एका मेंढरामागं चार द्यावीत, हे निर्गमच्या २२व्या अध्यायात. जक्कयाला पाचव्या हिश्शावर सुटता आलं असतं. त्यानं चोराचा दर स्वतःला लावून घेतला. धंद्यात असं चालतंच, ही सोय त्याच्याकडेही होती. ती त्यानं वापरली नाही.

आता माझ्या एका मंडळीतली गोष्ट सांगतो. तिथं एक किराणा दुकानदार होते. ईस्टरआधीच्या दुःखसहनाच्या सप्ताहात मी याच अध्यायावर बोललो, आणि त्या रात्री साडेनऊच्या सुमाराला ते घरी आले. हातात कापडी पिशवी. त्यातून त्यांनी पाचशे ग्रॅमचं लोखंडी वजन काढलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "उलटं करून बघा." तुम्ही पाहिलं असेल, लोखंडी वजनाच्या बुडाला एक खळगा असतो. त्यात शिसं भरून वजन नेमकं करतात आणि त्या शिशावर वजनमापे खात्याचा शिक्का मारतात. या वजनातलं शिसं जवळजवळ सगळं कोरून काढलेलं होतं आणि वर काळं मेण लिंपलं होतं. तपासणीच्या दिवशी ते दुसरं, खरं वजन तागडीत ठेवायचे. मी विचारलं, "किती कमी?" म्हणाले, "पंधरा-सोळा ग्रॅम." किती वर्षं? सात.

ते म्हणाले, "प्रभूजवळ क्षमा मागितली मी. आजच नाही, खूप वेळा मागितली. हे वजन विहिरीत टाकून देतो. तुम्ही फक्त प्रार्थना करा, म्हणजे झोप लागेल." मी प्रार्थना केली. आणि मग, मला तरी त्या वेळी काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "कुणाचं किती गेलं?" ते बराच वेळ गप्प बसले. साखर, तूरडाळ, शेंगदाणे, सात वर्षं, सगळं गाव. यादी होणार कशी? आम्ही रात्री बारापर्यंत बसलो. शेवटी मार्ग त्यांनी स्वतःच काढला. उद्यापासून खरं वजन, आणि तागडी बरोबर झाली की वर एक मूठ. जितकी वर्षं कोरलेलं वजन वापरलं तितकी वर्षं. आणि उधारीच्या वहीतली जी पाच-सहा घरं नक्की आठवत होती, रोजंदारीवर जगणारी, रोजच्या रोज थोडंथोडं नेणारी, त्यांच्या दारात जाऊन सांगायचं.

ते गेले. एका म्हातारीनं त्यांना गल्लीत उभं करून शिव्या दिल्या. दोन घरांनी दुकान बदललं. एकानं नुसतं ऐकून घेतलं आणि दार लावलं. दुकानाचं नाव काही दिवस चांगलंच खराब झालं. पुढं दोनेक वर्षांनी मी सहज दुकानात उभा होतो. एका मुलीला अर्धा किलो साखर मोजताना त्यांचा हात पोत्यात गेला, तागडी बरोबर झाली, आणि बोलता बोलता, माझ्याकडे बघत, त्यांनी वर मूठ टाकली. त्यांचं तिकडं लक्षही नव्हतं. सुरुवातीला ती मूठ टाकताना जीव जायचा, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. आता हात आपोआप जात होता. तुम्ही विचारता शील कुठून येतं, तर मला तो हात आठवतो.

आपल्या पवित्र शास्त्रात हा शब्द आहेच. रोमकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात पौल म्हणतो, "संकटाने धीर, धीराने शील व शीलाने आशा निर्माण होते." मूळ ग्रीक शब्द पारखण्याच्या अर्थाचा आहे, धातू पारखून खरा ठरला की त्याच्याबद्दल वापरावा तसा. म्हणजे शील हा जन्मजात मिळालेला गुण नव्हे, आणि ठराव करून आणायचा तर मुळीच नव्हे. कसाला लागल्यावर जे टिकलं ते शील. आपल्या नगरच्या खेड्यांत ख्रिस्ती आळीला लागूनच बौद्ध बांधवांची आळी असते, आणि तिकडंही हाच शब्द रोजच्या बोलण्यात आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्येइतकाच, किंबहुना तिच्याहून जास्त, शीलावर भर द्यायचे. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला गावकुसाबाहेर ठेवलं होतं. मिशनच्या शाळेत पाटी हातात आली तेव्हा अक्षरांबरोबर त्यांना हेही मिळालं की आपला शब्द विश्वास ठेवण्याजोगा असू शकतो, आपल्याकडे कुणी पैसे ठेवायला देऊ शकतं. तुमच्या वडिलांच्या पिढीचा खरेपणा तिथून आला. त्यांच्या दृष्टीनं तो माणूसपणाचा दाखला होता. म्हणून ते त्याला इतकं जपायचे.

दुसरा शब्द पश्चात्ताप. मराठीत हा शब्द फार सुंदर आहे, पण त्यानं आपली थोडी गैरसोयही केली आहे. पश्चात ताप. नंतर होणारी जळजळ. त्यामुळे आपल्याला वाटतं, जळजळ झाली, डोळ्यांतून पाणी आलं, म्हणजे पश्चात्ताप झाला. जुन्या करारातल्या हिब्रूत यासाठी जो शब्द येतो, शूब, त्याचा साधा अर्थ मागं फिरणं, परत येणं. प्रभूच्या दाखल्यातल्या, बापाचं घर सोडून गेलेल्या उधळपट्टी करणाऱ्या मुलानं डुकरांजवळ बसून नुसते अश्रू ढाळले असते तर ती गोष्ट तिथंच संपली असती. तो उठला आणि चालू लागला. आमचे दुकानदार सात वर्षं जळत होते. पाय त्या रात्री उचलला.

हे मी दुसऱ्यांचं सांगतो आहे. आता माझं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. वडील वारल्यावर जमिनीच्या वाटणीवरून माझं आणि थोरल्या भावाचं फाटलं. विहीर त्याच्या तुकड्यात गेली. चूक कुणाची जास्त हे आता मला नीट सांगता येणार नाही, पण मी त्याला पंचांसमोर जे बोललो ते लहान भावानं बोलायचं नसतं. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. त्या अकरा वर्षांत मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन देत होतो. भाकर मोडायची, प्याला उचलायचा, आणि मंडळीला सांगायचं की एकमेकांशी समेट करून मेजाजवळ या. मत्तयच्या ५व्या अध्यायात प्रभू म्हणतो की वेदीजवळ अर्पण आणलं असताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी जा. मी या वचनावर प्रवचनं केली. चांगली केली, लोक म्हणायचे.

एका रविवारी प्याला उचलताना माझ्या तोंडून शब्दच फुटेना. मंडळीला वाटलं, तब्येत बिघडली. पंचांनी पुढची उपासना चालवली. त्याच संध्याकाळी मी एसटीनं गावी गेलो. रात्र झाली होती. भाऊ ओट्यावर बसला होता. मी म्हणालो, "दादा, मी चुकलो. मी जे बोललो ते बोलायला नको होतं." तो काही बोलला नाही. आत गेला, तांब्या-पेला घेऊन आला आणि माझ्यापुढं ठेवला. बस्स. गळ्यात पडणं नाही, रडणं नाही. मी पाणी प्यालो. वहिनींनी भाकरी टाकली, जेवलो, पहाटेच्या गाडीनं परत आलो. त्यानं मला क्षमा केली असं तोंडानं कधीच म्हटलं नाही. पण पुढच्या ज्वारीच्या सुगीला त्यानं एक पोतं माझ्याकडे पाठवलं. पुढं नऊ वर्षं, तो असेपर्यंत, दरवर्षी ते पोतं यायचं.

हे इतक्या तपशिलानं सांगतो, कारण तुम्ही परत जायला निघाल तेव्हा समोरून काय येईल याची मनात चित्रं रंगवू नका. कधी पाणी येईल, कधी शिव्या, कधी बंद दार. तुमच्या हातात जाणं एवढंच आहे.

इथं एक फार महत्त्वाची गोष्ट राहून जाईल, ती सांगतो. हे वाचून तुम्हाला वाटेल की आधी सगळी परतफेड करायची, हात धुऊन स्वच्छ करायचे आणि मग देवाजवळ जायचं. नाही. जक्कयाच्या गोष्टीतला क्रम पाहा. प्रभूनं झाडाखाली उभं राहून त्याला नावानं हाक मारली आणि म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. वही दाखव, मग येतो, असं म्हणाला नाही. आधी घरात आला, पाहुणा म्हणून उतरला, सगळं गाव कुरकुर करत असताना उतरला, आणि मग त्या माणसाची मूठ सुटली. इफिसकरांस पत्राचा २रा अध्याय तुम्हाला पाठ असेल. आठव्या-नवव्या वचनात कृपेनं तारण झालं, कृत्यांनी नव्हे, असं आहे, आणि लगेच दहाव्यात आहे की आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत. आपल्या मंडळ्यांत कुणी नववं वचन धरून बसतो, कुणी दहावं. तुम्ही दोन्ही एका दमात वाचा. ज्याला कळलं की आपण वाईट असतानाच आपल्यावर प्रीती झाली, त्यालाच स्वतःची वही उघडून बघायचं धैर्य होतं. भीतीनं कुणी वही उघडत नाही. भीतीनं माणूस ती आणखी खोल पुरतो.

आणि वेळ लागतो. पंडिता रमाबाईंचं नाव आपल्या प्रवचनांत खूप येतं, बहुतेक वेळा त्यांच्या मोठ्या कामासाठी. मला त्यांची एक वेगळीच गोष्ट धीर देते. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं आपल्या साक्षीत त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो अजून सापडला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं. संस्कृत मुखोद्गत असलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेली बाई. तिलाही आठ वर्षं. आणि या काळात त्या हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या. अमेरिकेत फिरून विधवांच्या शिक्षणासाठी पैसा उभा केला, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. आत शोध चालू होता आणि बाहेर हात चालू होते. लक्ष्मीबाई टिळकांचंही असंच. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या वाटेवर आल्या त्या काही वर्षं संसाराची ताटातूट सोसून, आपल्या पावलांनी, आणि त्यांना कुणी वादात हरवलं म्हणून आल्या नाहीत.

रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आई-वडील गमावले होते. भावाबरोबर पायी देशभर भटकताना उपास काय असतो ते अंगावर सोसलं होतं. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडं गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, शेकडो मुलींची सोय केली. मग त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करायला बसल्या. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत काम केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या मुली-बायकांनी केलं, ज्यांना समाजानं टाकून दिलं होतं. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं. १९२४ साली ते संपूर्ण छापून निघालं. आयुष्याचा अर्थ हा शब्द रोज तोंडात घेऊन हे झालं नसेल असं मला वाटतं. समोर मुलगी होती, विहीर होती, मुद्रितं होती. तुम्ही म्हणाल, त्या मोठ्या, मी खरेदी विभागातला माणूस. पण वयाच्या पन्नाशीच्या आसपास परक्या लिपीचं एकेक अक्षर गिरवणं हे त्या दिवसापुरतं लहानच काम असतं.

तुमच्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून हेही लिहितो. प्रामाणिक राहिलात तर देव बढती देईल, असं प्रवचन तुम्ही कुठंतरी ऐकलं असेल. मी ते करणार नाही. मी प्रामाणिक माणसांच्या नोकऱ्या गेलेल्या पाहिल्या आहेत. दानिएलाच्या ३ऱ्या अध्यायात, मूर्तीपुढं वाका नाहीतर भट्टीत टाकतो असं धमकावणाऱ्या राजाला तीन तरुण म्हणतात की आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे. आणि लगेच पुढं म्हणतात की त्यानं सोडवलं नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढं वाकणार नाही. ही दुसरी ओळ ज्यांच्या तोंडी येते त्यांचाच विश्वास मला पक्का वाटतो. आपल्याकडे डाळिंबाच्या बागेला बहार धरायचा असला की आधी ताण देतात. पाणी तोडतात, पानं गळतात, नवखा माणूस बाग गेली म्हणून हबकतो. देव आपल्याला असा मुद्दाम ताण देतो असं मी म्हणणार नाही. लेकरू गेलेल्या आईच्या समोर बसून ते वाक्य मला कधीच उच्चारता आलं नाही. पण ताण आलाच, तर मुळं कुठपर्यंत गेली आहेत ते त्या दिवसांत कळतं, एवढं मी नक्की सांगू शकतो.

आता पाकिटाबद्दल, अगदी व्यवहाराचं.

पहिलं म्हणजे, त्या पाकिटाचा दशांश देत असाल तर थांबवा. आणि ती सगळी रक्कम आणून मंडळीच्या अर्पणपेटीत टाकायचा मोह होईल, तोही आवरा. मी पाळक असताना अशी अर्पणं आली आहेत, नाव नसलेली, जाड. पैसे ज्याचे गेले त्याच्याकडे जायला हवेत. अर्पणपेटी हा चुकीचा पत्ता आहे. तुमच्या बाबतीत पैसे गेले ते तुमच्या कंपनीचे, कारण पुरवठादार पाकिटाची किंमत मालाच्या भावात लावतोच. आणि गेलं ते आणखी एकाचं, ज्याचा तुम्ही कदाचित विचारच केला नसेल. भोसरीच्या एखाद्या गाळ्यात दोन लेथ टाकून बसलेला माणूस, ज्याचा माल बरा होता, भाव बरा होता, पण पाकीट द्यायची ऐपत नव्हती. त्याची कोटेशन तुमच्या फायलीत असतील. ती काढून वाचा. तो तुमचा शेजारी आहे.

किती वर्षं, किती रक्कम, ते कागदावर लिहा. अंदाजानं का होईना, पण लिहा. आकडा दिसेपर्यंत मन फसवत राहतं. वरिष्ठांना सांगायचं की नाही, कसं सांगायचं, याचा निर्णय मी इथून तुमच्यावर लादणार नाही. त्यात नोकरीचा, कदाचित कायद्याचाही प्रश्न आहे. तुमच्या मंडळीतल्या एखाद्या जाणत्या माणसाला, शक्य तर वकिली किंवा हिशेबाचं ज्ञान असलेल्याला, विश्वासात घ्या. पण पैसे घरात ठेवून आपल्याला पुढं जाता येणार नाही, एवढं मनाशी धरून मग सल्ला घ्या. उलट केलंत तर सल्ला नेहमी सोयीचा मिळतो.

रोजचा अध्याय चालू ठेवा. फक्त रात्री दिवा मालवण्याआधी पाच मिनिटं आणखी द्या. आज कुणाला काय शब्द दिला, तो पाळला का. कुणाच्या मागं काय बोललो. कुणाचं देणं राहिलं. मोठमोठ्या पापांची यादी करायची गरज नाही. जो अगदी थोडक्याविषयी विश्वासू तो पुष्कळाविषयीही विश्वासू, असं प्रभू म्हणतो, आणि हे थोडकं म्हणजे फार थोडकं असतं: दहाला येतो म्हणून साडेदहाला जाणं, वाचलं नसताना वाचलं म्हणणं. "होय तर होय, नाही तर नाही." महिनाभर एवढंच धरा.

तुमच्या वडिलांना मी ओळखत नव्हतो. पण त्या पिढीतले शिक्षक-पंच मी जवळून पाहिले आहेत. मंडळीच्या अर्पणाचे पैसे आणि घरचे पैसे ते वेगळ्या डब्यांत ठेवायचे, आणि घरात मीठ संपलं तरी पहिल्या डब्याला हात लावायचे नाहीत. तुमच्या घरी असा डबा असेल. आईंना विचारा. आणि हेही विचारा की वडिलांना कधी मोह झाला होता का, ते कधी चुकले का, चुकल्यावर त्यांनी काय केलं. दफनाच्या दिवशी लोक माणसाचं शेवटचं रूप सांगतात. त्यामागं तीस-चाळीस वर्षांची ये-जा असते. ती आईंना माहीत असेल. त्यांनी सांगितलं तर ते ऐकताना तुम्हाला वडील लहान वाटणार नाहीत, जवळ येतील.

सगळ्यात आधी मात्र पत्नीला सांगा. त्या पाकिटातून घरात काय काय आलं हे त्यांना ठाऊक असेल किंवा नसेल. दोन्ही बाबतींत त्यांना तुमच्या तोंडून कळायला हवं. एका रात्री मुलं झोपल्यावर कागद समोर ठेवून, आकड्यासकट सांगा. त्या रागावल्या तर रागावू द्या. मग दोघं मिळून प्रार्थना करा, शब्द सुचले नाहीत तर प्रभूची प्रार्थना म्हणा.

आणि दिवाळीआधी तो पुरवठादार येईल. तो बसायच्या आधी, चहा मागवायच्या आधी, उभ्या उभ्याच सांगा की या वर्षीपासून नको. एकदा चहा झाला की ते सांगणं फार अवघड जातं. कारण विचारलं तर सांगा, वडील वारले. त्याला तेवढं पुरेल.

तुमचा भाऊ,
एक निवृत्त पाळक